लहान फील्डचे आउटपुट फॅक्टर आणि कृत्रिम हिऱ्याचा डिटेक्टर: खरोखर गरज आहे का?

अर्धसेंटीमीटर

नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या कर्करोग रुग्णालयात फिजिसिस्ट म्हणून काम करतो. आमच्याकडे ६ एमव्हीचा (सहा दशलक्ष व्होल्टचा) लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचे यंत्र, असून आजवर त्यावर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचे नेहमीचे उपचार होत आले आहेत. आता मेंदूतील लहान गाठींसाठी स्टिरिओटॅक्टिक (अगदी नेमका मारा करणारे) उपचार सुरू करायचे ठरले आहे, आणि त्यासाठी ३ सेंमीपासून ०.६ सेंमीपर्यंतच्या चौरस फील्डचे (किरण पडतात त्या क्षेत्राचे) आउटपुट फॅक्टर मोजण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, यंत्राने तेवढेच एमयू (किरणमात्रेची यंत्रावरील एकके) दिले असता १० बाय १० सेंमीच्या फील्डच्या तुलनेत लहान फील्डच्या मध्यबिंदूवर किती डोस पडतो, त्या गुणोत्तराला आउटपुट फॅक्टर म्हणतात. प्लॅनिंगचे सॉफ्टवेअर हा आकडा डोळे मिटून स्वीकारते, त्यामुळे तो चुकला तर त्या आकाराच्या फील्डवर उपचार घेणारा प्रत्येक रुग्ण तीच चूक अंगावर घेतो.

माझ्याजवळ दोन डिटेक्टर आहेत: ०.०१५ सीसीचा लहान आयन चेंबर (हवेच्या पोकळीत किरणांनी तयार झालेला प्रभार मोजणारा) आणि शील्ड नसलेला सिलिकॉन डायोड. दोन्हींनी पाण्यात १० सेंमी खोलीवर मोजमापे घेतली आणि दोन्ही १० बाय १० च्या वाचनाने भागली (नॉर्मलाइज केली). ०.६ सेंमीच्या फील्डमध्ये डायोडचा आकडा चेंबरपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वर गेला, याचे मला फारसे नवल वाटले नाही. मला कोड्यात टाकले ते ३ सेंमीच्या फील्डने. तिथे कसलाच वाद व्हायला नको होता, तरीही डायोड चेंबरपेक्षा सुमारे दीड टक्का खाली आला. म्हणजे दोन आलेख वाटेत कुठेतरी एकमेकांना छेदतात. पाणी बदलले, केबल बदलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले; निकाल तोच.

मध्यंतरी एका विक्रेत्याने कृत्रिम हिऱ्याच्या डिटेक्टरचे सादरीकरण केले. हिरा हा ऊतक-समतुल्य असल्यामुळे त्याच्या वाचनाला कसलीही दुरुस्ती लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे, आमच्या शिकवणाऱ्यांकडून हिऱ्याच्या डिटेक्टरविषयी मी चांगले असे काही ऐकलेले नाही. व्यवस्थापनाकडे विषय काढला तेव्हा "यंत्र घ्यायचे आहे की दागिना?" असा प्रश्न आला, आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. ज्यांनी हा डिटेक्टर प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे की त्याने माझा प्रश्न सुटेल का, आणि "दुरुस्ती लागत नाही" हे कितपत खरे आहे.

जुना_फार्मर

आधी ३ सेंमीचे कोडे सोडवू. ३ सेंमीच्या फील्डमध्ये तुमचा डायोड बरोबर वाचतो आहे. तो चुकतो आहे १० बाय १० मध्ये, म्हणजे तुमच्या गुणोत्तराच्या छेदात. मोठ्या फील्डमध्ये पाण्यातून विखुरलेले कमी ऊर्जेचे फोटॉन पुष्कळ असतात. सिलिकॉनचा अणुअंक १४ आहे आणि पाण्याचा परिणामी अणुअंक साडेसातच्या आत येतो. कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणाम अणुअंकाबरोबर फार झपाट्याने वाढतो, म्हणून सिलिकॉन हे विखुरलेले फोटॉन पाण्यापेक्षा जास्त मोजतो. छेद फुगला की भागाकार उतरतो, आणि दोष मात्र ३ सेंमीच्या फील्डवर येतो. यावर उपाय जुनाच आहे: १० पासून ४ सेंमीपर्यंत चेंबरने या, ४ सेंमीपासून खाली डायोडने जा, आणि दोन गुणोत्तरांचा गुणाकार करा. हे करून पाहिल्यावर तुमचे आलेख वरच्या टोकाला एकमेकांवर बसायला हवेत.

०.६ सेंमीला प्रकरण निराळे आहे. एवढ्या लहान फील्डमध्ये बीमचा आडवा छेद पठारासारखा राहत नाही, त्याचा सुळका होतो. तुमच्या चेंबरची पोकळी काही मिलिमीटरची आहे; ती सुळक्याचे टोक आणि त्याचे उतार यांची सरासरी काढते, आणि सरासरी टोकापेक्षा नेहमी खालीच येते. शिवाय पोकळीत हवा आहे. बाजूला निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची भरपाई जिथे होत नाही अशा लहान फील्डमध्ये पाण्यापेक्षा विरळ पदार्थ कमी वाचतो आणि दाट पदार्थ जास्त वाचतो. म्हणजे चेंबर दोन कारणांनी खाली जातो, आणि सिलिकॉनची घनता २.३३ असल्यामुळे डायोड थोडा वर जातो. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये आहे, पण बरोबर मध्यावर नाही, त्यामुळे दोन्हींची सरासरी काढून मोकळे होऊ नका. असे करणारे मी पाहिले आहेत.

आता हिऱ्याकडे येतो. "ऊतक-समतुल्य" हा शब्द अर्धा खरा आहे. कार्बनचा अणुअंक ६ असल्यामुळे हिरा कमी ऊर्जेच्या फोटॉनांना सिलिकॉनसारखा भुलत नाही, आणि १० बाय १० मधला तुमचा दीड टक्क्याचा घोळ हिऱ्यात जवळपास उद्भवतच नाही. पण हिऱ्याची घनता ३.५ आहे, सिलिकॉनपेक्षाही अधिक. त्यामुळे १ सेंमीच्या खाली हा डिटेक्टर काही टक्के जास्त वाचतो, आणि ही दुरुस्ती करावीच लागते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अमेरिकेची एएपीएम (वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना) यांनी मिळून २०१७ मध्ये काढलेल्या टीआरएस-४८३ या दस्तऐवजात प्रत्येक प्रकारच्या डिटेक्टरसाठी फील्डच्या आकारानुसार हे गुणक दिले आहेत, आणि हिऱ्याचा रकाना तिथे इतरांच्याच रांगेत आहे. ज्या आकाराला पाच टक्क्यांपेक्षा मोठी दुरुस्ती लागते तिथे तो डिटेक्टर वापरू नये, असेही त्याच दस्तऐवजात म्हटले आहे. या एका निकषावर तुमचा चेंबर ०.६ सेंमीला बाद होतो. डायोड आणि हिरा राहतात.

मग एवढ्या लहान आकाराचा हिरा पुरेसा सिग्नल देतो का, अशी शंका पूर्वी मलाही होती, आणि ती मी आकडेमोड करूनच घालवली. सध्या जो मायक्रोडायमंड सर्वत्र वापरात आहे, म्हणजे पीटीडब्ल्यूचा ६००१९, त्याचा संवेदनशील भाग २.२ मिलिमीटर व्यासाची आणि केवळ १ मायक्रॉन जाडीची चकती आहे. आकारमान झाले ०.००४ घन मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या फार्मर आयन चेंबरचे ०.६ सीसी म्हणजे ६०० घन मिलिमीटर, दीड लाख पट मोठे. तरीही १ ग्रे डोसला फार्मर सुमारे २० नॅनोकुलंब देतो आणि हिरा सुमारे १ नॅनोकुलंब देतो, म्हणजे फरक फक्त वीस पटींचा. हिऱ्याची घनता हवेच्या जवळजवळ तीन हजार पट आहे, आणि हवेत एक आयनजोडी तयार व्हायला सुमारे ३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात तिथे हिऱ्यात इलेक्ट्रॉन-होलची जोडी १३ मध्ये होते. दीड लाखाला तीन हजारांनी आणि मग ३४ व १३ यांच्या गुणोत्तराने भागून पाहा, वीसच्या आसपास येते.

तुमच्या शिक्षकांनी ज्याला नावे ठेवली तो नैसर्गिक हिऱ्याचा डिटेक्टर असणार. मी तो वापरला आहे. त्याला १०० व्होल्टचा बायस (बाहेरून दिलेला विद्युतदाब) द्यावा लागे. प्रत्येक खडा खाणीतून आलेला, त्यामुळे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आणि कागदपत्रेही वेगळी. मोजण्याआधी कित्येक ग्रे देऊन त्याला "भरून" घ्यावे लागे, नाहीतर वाचन सरकत राहायचे. वर डोसचा दर बदलला की वाचन सरळ प्रमाणात न बदलता त्या दराच्या ०.९८ किंवा तशाच एखाद्या घातांकाने बदलायचे. हा घातांक आधी स्वतः मोजायचा आणि मग प्रत्येक आकड्याला लावायचा. एक खोलीचा आलेख काढायला अर्धी संध्याकाळ जात असे. कृत्रिम हिऱ्यात यातले बरेचसे गेले आहे. सुरुवातीचे ५ ग्रे मात्र अजूनही द्यावे लागतात, आणि ते डिटेक्टर पाण्यात बसवल्यावर ५०० एमयूच्या आसपास देऊन टाकावेत, म्हणजे विसर पडत नाही.

एक अपघात सांगून ठेवतो, चूक माझीच होती. या नव्या डिटेक्टरला बायस शून्य व्होल्टचा असतो; आतला संधी (दोन थरांचा जोड) स्वतःच्या अंगच्या विद्युतक्षेत्रावर चालतो. आमच्या विभागात नवा डिटेक्टर आला त्या संध्याकाळी फार्मरची मोजमापे आटोपल्यावर मी केबल काढून त्याच इलेक्ट्रोमीटरला (प्रभार मोजणाऱ्या उपकरणाला) हिरा जोडला आणि ४०० व्होल्ट तसेच राहिले. पडद्यावरचा आकडा किरण सुरू नसतानाच पळू लागला. काय झाले ते लक्षात यायला मला अर्धे मिनिट लागले, आणि तेवढ्यात नुकसान होऊन गेले होते. तेव्हापासून आमच्या इलेक्ट्रोमीटरवर लाल चिकटपट्टी लावलेली असते आणि तिच्यावर मराठीत "हिरा = शून्य" असे लिहिलेले असते.

मांडणीविषयी थोडेसे. चकतीची सपाट बाजू बीमकडे हवी, म्हणजे डिटेक्टरचा अक्ष बीमला समांतर ठेवायचा. संदर्भबिंदू टोकापासून १ मिमी आत आहे. लेझर आणि प्रकाशफील्ड यांवर भरवसा ठेवून मध्य ठरवू नका. प्रत्येक लहान फील्डला दोन्ही दिशांनी प्रोफाइल (डोसचा आडवा आलेख) घ्या, शिखर कुठे आहे ते पाहा आणि डिटेक्टर तिथे न्या. ०.६ सेंमीच्या फील्डमध्ये १ मिमी बाजूला सरकलेला उत्तम डिटेक्टर हा नीट मध्यावर बसवलेल्या सामान्य डिटेक्टरपेक्षा वाईट आकडा देतो.

सीप्झ_कारागीर

मी अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात काम करतो. वैद्यकीय विषयातले मला काही कळत नाही, पण शीर्षकातील हिरा पाहून आत आलो आणि शेवटपर्यंत वाचले. आमच्याकडे सीव्हीडीचा, म्हणजे वायूतून थर चढवून वाढवलेल्या हिऱ्यांचा, माल रोज हाताखालून जातो. त्यातला बहुतेक टाइप टू-ए असतो, म्हणजे प्रमाणपत्रानुसार नायट्रोजन नसल्यात जमा. गेल्या काही वर्षांत त्याचे भाव फार उतरले आहेत. तर असा चांगल्या प्रतीचा खडा कापून त्यापासून डिटेक्टर का करता येऊ नये, आणि तसे असेल तर रुग्णालयाला एवढी किंमत कशाची मोजावी लागते, हे कोणी समजावून सांगितले तर आभारी राहीन. प्रश्न भाबडा वाटल्यास माफ करावे.

वाढता_स्फटिक

प्रश्न मुळीच भाबडा नाही. मी सीव्हीडी पद्धतीने हिऱ्याचे थर वाढवण्याचे काम करतो, आणि आमच्याकडे येणारे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारतात.

डोळ्याला आणि डिटेक्टरला शुद्धता वेगवेगळी दिसते. दागिन्याच्या व्यवहारात टाइप टू-ए म्हणजे अवरक्त किरणांच्या चाचणीत नायट्रोजन सापडला नाही एवढेच, आणि ही चाचणी दहा लाख कार्बन अणूंमागे एखाद्या नायट्रोजन अणूच्या आसपास येऊन थांबते. इलेक्ट्रॉनिक प्रतीच्या हिऱ्यात एक अब्ज कार्बन अणूंमागे नायट्रोजनचे पाचांपेक्षा कमी अणू अपेक्षित असतात. म्हणजे तुमचे प्रमाणपत्र जिथे संपते तिथून पुढे आणखी काहीशे पट शुद्धता लागते. प्रत्येक नायट्रोजन अणू आणि स्फटिकजालातील प्रत्येक रिकामी जागा हा एक सापळा असतो. किरणांनी मोकळा केलेला इलेक्ट्रॉन त्यात अडकला की मोजणीत येत नाही आणि पुढे केव्हातरी सुटला की नको तेव्हा येतो. जुना_फार्मर यांना नैसर्गिक हिरा "भरून" घ्यावा लागे तो याच सापळ्यांसाठी.

दागिन्यांसाठी हिरा वाढवणारे पुष्कळदा प्लाझ्मात जाणीवपूर्वक थोडा नायट्रोजन सोडतात, कारण त्याने वाढ जलद होते. त्यातून येणारी तपकिरी झाक पुढे एचपीएचटीची (उच्च दाब आणि उच्च तापमानाची) प्रक्रिया करून घालवतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. शुद्ध थर हवा असेल तर ही सवलत घेता येत नाही. मिथेन आणि हायड्रोजन हे दोन्ही वायू अत्यंत शुद्ध हवेत, भांड्यात कुठूनही हवा शिरता कामा नये, आणि वाढीचा वेग तासाला काही मायक्रॉनांवर आला तरी तो सोसावा लागतो.

शिवाय हा डिटेक्टर एक खडा कापून तयार झालेला नसतो. तो थरांनी रचतात. खाली एचपीएचटी पद्धतीने केलेला एकसंध हिरा पायासाठी असतो. त्यावर सीव्हीडीने बोरॉन मिसळलेला, वीज वाहून नेणारा थर वाढवतात. त्यावर १ मायक्रॉनचा शुद्ध थर येतो, आणि सर्वांत वर धातूचा गोल ठिपका. हा ठिपका आणि शुद्ध हिरा यांच्यामध्ये शॉट्की संधी तयार होतो, त्याचे विद्युतक्षेत्र १ मायक्रॉनच्या थरात पसरलेले असते, आणि बाहेरून व्होल्ट न देता प्रभार गोळा होतो. २.२ मिलिमीटर हा व्यास त्या ठिपक्याचा आहे. थर इतका पातळ असल्याचा दुहेरी फायदा असा की, प्रभाराला चालायचे अंतरच इतके कमी उरते की वाटेत सापळा भेटण्याची शक्यताही घटते. ही रचना रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केली आणि जर्मनीतील फ्रायबुर्गच्या पीटीडब्ल्यूने ती बाजारात आणली.

प्रयोगशाळेतील हिऱ्याला तसा इतिहास बराच जुना आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उच्च दाबाखाली हिरा केला तो १९५४ मध्ये. पण त्यातून प्रभार अडथळ्याविना वाहील इतका निर्दोष एकसंध सीव्हीडी हिरा जगासमोर आला २००२ मध्ये, म्हणजे मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत दागिने आणि हत्यारे भरपूर निघाली आणि विश्वासार्ह डिटेक्टर मात्र निघाला नाही. आपल्याकडे २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर आयआयटी मद्रासला प्रयोगशाळेतील हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांकरिता २४२ कोटी रुपये मंजूर झाले. त्यातला बराच भर खडे वाढवण्याच्या यंत्रांवर आणि बीजांवर आहे, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण बाजार तिथे आहे. त्यातून इलेक्ट्रॉनिक प्रतीच्या थराकडेही कोणी वळावे असे मला मनापासून वाटते, कारण हा डिटेक्टर आपण आज पूर्णपणे आयात करतो, आणि रुग्णालयाला मोजावी लागणारी किंमत खड्याची नसून या थरांची, जोडणीची आणि कॅलिब्रेशनची असते.

अर्धसेंटीमीटर

सर्वांचे आभार. जुना_फार्मर सर, काल रात्री यंत्र मोकळे झाल्यावर ४ सेंमीचा मधला टप्पा धरून पुन्हा मोजले. ३ सेंमी आणि २ सेंमीला चेंबर आणि डायोड आता अर्ध्या टक्क्याच्या आत जुळतात. तुम्ही म्हणालात तसा दोष छेदातच होता. ०.६ सेंमीला डायोडच्या वाचनाला टीआरएस-४८३ मधील गुणक लावला आहे, पण एकाच डिटेक्टरच्या आधारावर आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरायला मन धजत नाही.

आणखी एक शंका आहे. पुढेमागे आमच्या यंत्रावर फ्लॅटनिंग फिल्टर (किरणाची तीव्रता सर्वत्र सारखी करणारा) काढून उपचार करण्याची सोय येणार आहे, आणि फ्लॅश (क्षणार्धात डोस देणाऱ्या) उपचारांविषयीही बरेच वाचनात येते. डोसचा दर वाढल्यावर हिरा कसा वागतो? आज घेतलेला डिटेक्टर तिथेही चालेल का?

मायक्रोसेकंद

मी युरोपातील एका केंद्रात अतिउच्च डोसदराच्या इलेक्ट्रॉन बीमवर काम करतो, म्हणून शेवटच्या शंकेपुरते लिहितो. फिल्टर काढलेल्या बीमपुरते निश्चिंत राहा, फ्लॅशसाठी मात्र तुम्ही विचार करत असलेला डिटेक्टर धरून चालू नका.

लिनॅकचा किरण सलग नसतो, तो काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांनी येतो, आणि डिटेक्टरला मिनिटाचा सरासरी दर जाणवत नाही, एकेका स्पंदातील डोस जाणवतो. नेहमीच्या बीममध्ये एका स्पंदाचा डोस सुमारे ०.३ मिलिग्रे असतो. फिल्टर काढल्यावर तो काही पटींनी वाढतो आणि मायक्रोडायमंडला त्याचे काहीच वाटत नाही. आता लोझानच्या विद्यापीठ रुग्णालयात फ्लॅश पद्धतीने झालेला माणसावरचा पहिला उपचार घ्या. त्वचेवरील लिंफोमाच्या गाठीला १५ ग्रे हे ९० मिलिसेकंदांत, १ मायक्रोसेकंदाच्या दहा स्पंदांत दिले गेले. म्हणजे एका स्पंदाला दीड ग्रे, नेहमीच्या पाच हजार पट. एवढे आयन एकाच वेळी तयार झाले की सामान्य आयन चेंबरमध्ये ते गोळा होण्याआधीच एकमेकांत मिसळून नाहीसे होतात, आणि वाचन इतके घसरते की त्याची दुरुस्ती करणेही विश्वासाचे राहत नाही.

हिऱ्यालाही इथे मर्यादा येते, पण तिचे कारण वेगळे आहे. वर दिलेल्या हिशेबानुसार १ ग्रेला १ नॅनोकुलंब, म्हणजे दीड ग्रेचा स्पंद एका मायक्रोसेकंदात दीड नॅनोकुलंब सोडतो, आणि तो प्रवाह होतो दीड मिलिॲम्पिअर. इलेक्ट्रोमीटर स्पंदांची सरासरी दाखवत असल्यामुळे हा आकडा आपल्याला कधी दिसत नाही, पण त्या एका क्षणी तो प्रवाह बोरॉनच्या थरातून आणि जोडणीतून जात असतो. त्यांच्या रोधावर जे विभवांतर उभे राहते ते संधीच्या अंगच्या विभवाला खाऊन टाकते. तो विभव मुळात जेमतेम व्होल्टभराचा. तो गेला की प्रभार गोळा करणारी ओढच संपते आणि वाचन चपटे होऊ लागते. तोर व्हेर्गाताच्याच गटाने यावर उपाय म्हणून ठिपका लहान केला, संवेदनशीलता मुद्दाम घटवली आणि रोध कमी केला; तो फ्लॅशडायमंड म्हणून वेगळा डिटेक्टर आहे. आमच्याकडे तो आल्यापासून रोजची तपासणी बरीच सोपी झाली. आधी आम्ही फिल्म वापरत होतो, आणि तिचे वाचन दुसऱ्या दिवशी हाती यायचे.

प्रोटॉनविषयी कोणी विचारले नाही, पण खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत) २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले असल्यामुळे इथल्या काही वाचकांना उपयोग होईल. प्रोटॉनच्या खोलीच्या आलेखात मायक्रोडायमंड समांतर-पट्टी चेंबरशी चांगला जुळतो, आणि अरुंद पेन्सिल बीमचा आडवा छेद काढायला तो सोयीचा आहे. कार्बन आयनांमध्ये थोडे जपून राहा. कमी ऊर्जेच्या बीममध्ये ब्रॅग शिखरापाशी (जिथे सर्वाधिक डोस पडतो तिथे) तो कमी वाचत असल्याची मोजमापे प्रसिद्ध झालेली आहेत.

जुना_फार्मर

मायक्रोसेकंद यांनी रोधाचा मुद्दा छान उलगडला. मला वाचन चपटे होते एवढेच ठाऊक होते, कारण आज कळले.

अर्धसेंटीमीटर, तुमचे मन धजत नाही हे उत्तम लक्षण आहे. दोन डिटेक्टर जर एकाच दिशेने चुकत असतील तर त्यांचे एकमत काही सिद्ध करत नाही, हे ध्यानात ठेवून तिसरा निवडा. डायोड आणि हिरा दोन्ही घनतेमुळे वर जाणारे आहेत. त्यामुळे हिऱ्याबरोबर ०.६ सेंमीला रेडिओक्रोमिक (किरणांनी रंग बदलणाऱ्या) फिल्मचे एक मोजमाप करून ठेवा. फिल्मची घनता पाण्याच्या जवळ असते आणि तिला आकारमानाच्या सरासरीची अडचण नाही. तिची स्वतःची अनिश्चितता दोन-तीन टक्क्यांची असते, म्हणून ती अंतिम आकडा देणार नाही, पण साक्षीदार म्हणून पुरेशी आहे. तिन्ही आपापल्या दुरुस्तीनंतर दोन टक्क्यांत आले तर आकडा भरा, आणि नाही आले तर आधी जॉ (झोताचा आकार ठरवणारे धातूचे ठोकळे) खरोखर ०.६ ला उघडतात की ०.५५ ला ते तपासा. माझ्या अनुभवात भांडण डिटेक्टरांचे कमी आणि जॉचे जास्त निघाले आहे.

आणि व्यवस्थापनाला सांगायचे तर असे सांगा: डिटेक्टर एकदाच घ्यायचा आहे, आणि लहान फील्डचा प्रत्येक रुग्ण त्याच्या आकड्यावर उपचार घेणार आहे. तरीही खरेदी लांबली तर शेजारच्या जिल्ह्यातील एखाद्या केंद्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. आपल्या मंडळींत अशी देवाणघेवाण चालते. आमचाही डिटेक्टर तसा दोनदा बाहेर जाऊन आला आहे. मात्र तो चिकटपट्टीसकट जातो.

अर्धसेंटीमीटर

सर, फिल्म आमच्याकडे आहे. पुढच्या शनिवारी यंत्र दुपारनंतर मोकळे आहे, तेव्हा जॉची तपासणी आणि फिल्म दोन्ही उरकून घेतो. हिऱ्याविषयी तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे. इलेक्ट्रोमीटरवरची चिकटपट्टी आजच लावली.